शून्य ते ‘झिरो’ : एका शब्दाचा प्रवास

(कारंजा लाड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयासाठी मी एकच शब्द निवडला आहे, आणि तोही इंग्रजी. तो शब्द आहे ‘झिरो’. आपल्या घरातील लहान मुलाच्या तोंडीही तो असतो. रात्री देवघराबाहेर आपण ‘झिरोचा बल्ब’ लावतो, बँकेत ‘झिरो बॅलन्स’चे खाते उघडतो. या शब्दाचा अर्थ ‘काही नाही’, आणि ती भारताने जगाला दिलेली देणगी, एवढे आपण सर्वच जाणतो. भाषणातून, शाळेच्या फलकावरून, स्मरणिकेतून हे वाक्य आपण असंख्य वेळा ऐकले आहे. परंतु ही देणगी नेमकी कोणती, ती कशी गेली, तिला पुरावा काय, असे कोणी समोर बसून विचारले, तर आपल्यापैकी किती जण पाच मिनिटे तरी बोलू शकतील? ज्याचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा अभ्यासही आपण करावा, एवढ्याच हेतूने हा विषय आज आपल्यापुढे मांडतो आहे.

इंग्रजीपाशी शब्द नव्हते काय?

प्रथम एक साधा प्रश्न. रिकामेपण सांगायला इंग्रजीपाशी स्वतःचे शब्द नव्हते काय? भरपूर होते. ‘एम्प्टी’ हा त्यांचा अगदी जुना शब्द. त्याचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘फुरसत’ या अर्थाच्या शब्दात आहे. ज्याच्या हाती काम नाही तो ‘एम्प्टी’. गंमत पाहा, आपल्या मराठीतही डबा रिकामा असतो आणि माणूसही रिकामा असतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाटेने विचार केला. ‘व्हेकंट’, ‘व्हॅक्यूम’ आणि सुटीसाठीचा ‘व्हेकेशन’ हे तिन्ही शब्द लॅटिनमधील ‘मोकळे असणे’ या एका क्रियापदापासून आले. ‘व्हॉइड’ हा शब्द फ्रेंचमधून आला. ‘नॉट’ या जुन्या शब्दाची फोड ‘कोणतीही वस्तू नाही’ अशी होते, तर ‘नल’ या लॅटिन शब्दाची फोड ‘एकही नाही’ अशी.

या शब्दांची रचना ध्यानात घ्या. काही शब्द मोकळेपणा सांगतात, काही नकार सांगतात. वस्तू नाही, माणूस नाही, काम नाही. व्यवहाराला एवढे पुरेसे होते. मग एवढी शब्दसंपदा घरात असताना, साधारण इ.स. १६००च्या सुमारास, ‘झिरो’ हा परका शब्द इंग्रजीने का उसना घेतला?

उत्तर असे की, या शब्दाबरोबर इंग्रजीत एक नवी कल्पना आली होती. ‘नसणे’ ही गोष्ट सांगणे वेगळे आणि त्या ‘नसण्या’ला अंकांच्या पंक्तीत बसवून त्याच्याकडून काम करून घेणे वेगळे. पहिल्यासाठी इंग्रजीजवळ शब्द होते. दुसरी कल्पनाच बाहेरून आली, म्हणून तिचे नावही बाहेरून आले.

शब्दाचा उलटा माग

नदीच्या मुखाकडून उगमाकडे जावे तसे या शब्दाच्या मागे मागे जाऊ. इंग्रजीत ‘झिरो’ आला तो फ्रेंच व इटालियन भाषांतून. इटालियन ‘झिरो’ हे ‘झेफिरो’चे आखूड झालेले रूप. त्यामागे लॅटिन ‘झेफिरुम’. हा लॅटिन शब्द युरोपला देणारा पुरुष इतिहासाला ठाऊक आहे. पिसा नगरीचा लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखते. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातील बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कामावर होते. तेथे त्या मुलाने अरबांकडून हिशेबाची नवी रीत शिकून घेतली आणि इ.स. १२०२ मध्ये ‘लिबर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या आरंभीच तो सांगतो की, भारतीयांचे नऊ अंक आहेत आणि त्यांच्या जोडीला अरब ज्याला ‘झेफिरुम’ म्हणतात ते चिन्ह घेतले की कोणतीही संख्या लिहिता येते. या रीतीला त्याने दिलेले नावच मुळी ‘भारतीयांची पद्धत’ असे आहे. हे प्रमाणपत्र कोणा भारतीयाने लिहून घेतलेले नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन गणितज्ञाने ते आपण होऊन दिले आहे.

‘झेफिरुम’च्या मागे अरबी शब्द आहे ‘सिफ्र’, म्हणजे रिकामा. याच ‘सिफ्र’चे आणखी एक अपत्य दुसऱ्या वाटेने युरोपात शिरले. लॅटिन ‘सिफ्रा’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘सिफ्र’ आणि इंग्रजीत ‘सायफर’. ‘झिरो’ येण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी लोक शून्याला ‘सायफर’ म्हणू लागले होते. या थोरल्या भावाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आधी त्याचा अर्थ शून्य, मग कोणताही अंक, आणि मग अंकांच्या आड दडवलेली गुप्त लिपी. जर्मनमध्ये ‘त्सिफर’ आणि फ्रेंचमध्ये ‘शिफ्र’ म्हणजे आजही अंक. ज्या एका चिन्हाने युरोप चकित झाला, त्याचेच नाव सर्व अंकांना मिळाले!

हे स्वागत सुखासुखी झाले नाही. इ.स. १२९९ मध्ये फ्लॉरेन्स येथील सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास बंदी केली आणि रकमा अक्षरी लिहाव्यात असा नियम घातला. शून्याला एक शेपूट काढले की सहा किंवा नऊ करता येतो, ही लबाडीची भीती त्यामागे होती असे सांगितले जाते. आपण धनादेशावर आजही रक्कम अक्षरी लिहितो, ती याच जातीची सावधगिरी आहे.

ध्वनी अरबी, अर्थ भारतीय

येथे आपल्या एका नेहमीच्या समजुतीची तपासणी केली पाहिजे. ‘शून्य’ या शब्दाचा उच्चार बिघडत बिघडत ‘झिरो’ झाला असे कित्येकदा सांगितले जाते. ते खरे नाही. ‘झिरो’चा ध्वनी ‘सिफ्र’पासून आला आहे आणि ‘सिफ्र’ हा अस्सल अरबी शब्द आहे. मग आपले काय गेले? अर्थ गेला. अरबी विद्वानांनी ‘शून्य’ हा शब्द उच्चारासकट उचलला नाही, त्याचा अर्थ समजून घेतला आणि ‘रिकामा’ या अर्थाचा आपल्या भाषेतील शब्द त्याजागी योजला, असे विद्वानांचे मत आहे. माझ्या मते ही घटना उच्चार उचलण्यापेक्षा मोठी आहे. उच्चार बाजारात ऐकूनही उचलता येतो. अर्थ घ्यायचा तर शिकावे लागते.

आणि ते शिकले. इ.स. ७७० च्या दशकात बगदादच्या खलिफा अल् मन्सूरच्या दरबारी भारतातून एक ज्योतिर्विद ग्रंथ घेऊन गेला. त्यावरून अरबीत ‘सिंदहिंद’ तयार झाला. हे नाव आपल्या ‘सिद्धान्त’ शब्दाचेच रूप आहे. पुढे नवव्या शतकात अल् ख्वारिज्मीने भारतीय अंकांनी गणित कसे करावे यावर पुस्तक लिहिले. त्याच्या लॅटिन भाषांतरातून ख्वारिज्मीचे नाव ‘अल्गोरिदम’ या शब्दात कायमचे कोरले गेले. अरब लोक आपल्या अंकांना आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात. युरोपीयांनी ते अरबांकडून घेतले म्हणून ते त्यांना ‘अरबी अंक’ म्हणू लागले. अरबांनी ऋण लपवले नाही, हे आपणही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात या अंकांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हटले आहे. अवघ्या तीन-चार शब्दांत हजार वर्षांचा हा इतिहास सामावला आहे.

भोपळा, पूज्य आणि सुने घर

आता उगमाशी येऊ. ‘शून्य’ म्हणजे काय? संस्कृतात ‘श्वि’ हा धातू ‘फुगणे, वाढणे’ या अर्थाचा आहे. त्यापासून ‘शून’ म्हणजे फुगलेले, आणि त्यावरून ‘शून्य’. बाहेरून फुगलेले म्हणून आतून पोकळ. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्यासमोर नकार नव्हता, एक आकार होता.

आमच्या लहानपणी गणितात शून्य गुण मिळाले की ‘भोपळा मिळाला’ असे म्हणत. गुरुजींना धातुपाठ आठवत असेल वा नसेल, परंतु बाहेरून टम्म आणि आतून पोकळ अशा भोपळ्याचे नाव शून्याला देताना मराठी माणसाने त्या धातूचा मूळ अर्थच नकळत पकडला होता. आपल्या आजी-पणजीच्या मराठीत शून्याला आणखी एक शब्द होता, ‘पूज्य’. ‘त्या विषयात त्याचे ज्ञान पूज्य आहे’ असे कोणी म्हणाले तर हुरळून जाण्याचे कारण नसे! आणि मुलगी सासरी गेल्यावर घर ‘सुने सुने’ वाटते, तो ‘सुना’ शब्दही ‘शून्य’चाच, प्राकृतातील ‘सुण्ण’च्या वाटेने आपल्याकडे आलेला वंशज. म्हणजे आईच्या डोळ्यांतले पाणी आणि गणिताच्या वहीतले वर्तुळ, दोन्ही एकाच शब्दाच्या घरची आहेत.

गणिताच्या ग्रंथांत शून्यासाठी ‘ख’, ‘अंबर’, ‘गगन’, ‘नभ’ असे शब्दही येतात. हे सारे आकाशवाचक. आणि ‘पूर्ण’ हाही शब्द शून्यासाठी वापरला गेला आहे. आकाश रिकामे आहे म्हणूनच त्यात सर्व मावते. कारंजानगरीला हे वेगळे सांगायला नको. श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म या गावचा. बालपणी ते ओंकाराव्यतिरिक्त काही बोलत नसत आणि मुंजीच्या वेळी त्यांच्या मुखातून वेद प्रकटले, असे गुरुचरित्र सांगते. गावाला ते मूल मुके वाटले होते. ते मौन रिकामे नव्हते, हे नंतर कळले.

पंगतीतले मांडलेले पान

मात्र केवळ तत्त्वचिंतनातून अंकगणित जन्मत नाही. शून्याचे गणिती काम काय ते नीट समजून घेऊ. पंगत बसली आहे. मधल्या एका पाटावरचा माणूस अजून आलेला नाही. यजमान त्याचे पान मांडून ठेवतो. पान रिकामे आहे, पण त्यामुळे जागा अडली आहे. पुढचे सगळे आपापल्या जागी आहेत. ते पान उचलले की सारी ओळ सरकते आणि हिशेब बिघडतो. एकशे पाच लिहिताना दशकाच्या घरी कोणी नाही. ते घर मोडले तर एकशे पाचाचे पंधरा होतात. १०५ मधील ते वर्तुळ म्हणजे न आलेल्या पाहुण्याचे मांडलेले पान.

जागा रिकामी दाखवण्याची गरज इतरांनाही भासली होती. बॅबिलोनी लोकांनी मधली जागा दाखवण्यासाठी खूण केली. चिनी लोक गणनपटावर घर मोकळे ठेवत. दूर अमेरिकेत माया लोकांनी स्वतंत्रपणे शून्याचे चिन्ह घडवले. हे सांगितल्याने भारताचे काही उणे होत नाही. भारताचे वैशिष्ट्य पुढच्या पावलात आहे. येथे ती खूण स्वतःच एक संख्या झाली.

या पावलाची तयारी फार जुनी आहे. पाणिनीने व्याकरणात ‘लोप’ मानला. जो प्रत्यय दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी त्याची जागा मान्य करून त्याचे कार्य चालू ठेवायचे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचे प्रकार मोजताना ‘शून्य’ हा शब्द गणनेतील एका पायरीची खूण म्हणून येतो. इ.स. ४५८ हा रचनाकाळ सांगणाऱ्या ‘लोकविभाग’ या जैन ग्रंथात एक संख्या शब्दांत दिली आहे. एककाकडून मोजत जावे : आधी पाच शून्ये, मग दोन, सात, अंबर म्हणजे शून्य, एक, तीन, एक. मांडून पाहा, १३,१०,७२,००,००० ही संख्या तयार होते. आज उपलब्ध असलेला त्याचा संस्कृत पाठ मूळ प्राकृत ग्रंथाचे रूपांतर आहे, हेही ध्यानात ठेवावे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६२ साली तो छापला आहे.

आणि मग इ.स. ६२८ मध्ये भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज, आणि दोहोंच्या मध्ये शून्य, अशी मांडणी करून त्याने शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम दिले. समान धन आणि ऋण एकत्र आले की शून्य. शून्यातून धन वजा केले की ऋण. पान मांडून जागा धरणारे शून्य आता पंगतीला बसले. जगाला आपण दिले ते हे.

शिलालेखांचा पुरावाही आहे. कंबोडियातील सांबोर येथील लेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, हे वर्ष अंकांत कोरताना शून्याच्या जागी ठिपका आहे. जो शक आपल्या पंचांगावर आजही छापला जातो, तोच शक तेथे कोरलेला आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि नित्याच्या ५० माळा यांची नोंद करताना त्यात छोटी वर्तुळे कोरली आहेत. एका देवळाच्या फुलांचा तो रोजचा हिशेब. चिन्ह हिशेबात रुळले होते याचा याहून बोलका पुरावा कोणता?

चूक मान्य करणारी परंपरा

बंधूंनो, आता थोडे कटू बोलतो. समाजमाध्यमांवर रोज नवनवे दावे फिरतात. आर्यभटाने शून्याचा शोध लावला, अमुक साली लावला, वेदांत तमुक आहे. आर्यभटाची थोरवी निर्विवाद आहे. त्याने प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट असते हे स्वच्छ सांगितले. परंतु त्याच्या ग्रंथात शून्याचे चिन्ह नाही आणि शून्याचे नियमही नाहीत. त्याची अंकलेखनाची रीत अक्षरांची होती. बखशाली हस्तलिखितावरील ठिपका तिसऱ्या-चौथ्या शतकातला असल्याचे २०१७ साली ऑक्सफर्डहून जाहीर झाले. आपल्याकडे आनंदाच्या लाटा उसळल्या. त्याच वर्षी गणितेतिहासाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला की, एकाच पोथीची पाने वेगवेगळ्या शतकांतली कशी ठरतात? त्या आक्षेपाची बातमी मात्र कोणी पुढे पाठवली नाही.

असे का होते? आपल्याला वाटते, दावा जितका मोठा तितका देश मोठा. प्रत्यक्षात एक खोटा दावा शंभर खऱ्या गोष्टींवर पाणी फिरवतो. महाविद्यालयात जाणारा आपलाच मुलगा एक दावा तपासून पाहतो, तो पोकळ निघतो, आणि मग ब्रह्मगुप्ताचे नाव घेतले तरी तो हसतो. हे नुकसान बाहेरच्या कोणी केलेले नसते.

आपल्या पूर्वसूरींची रीत निराळी होती. शून्याला शून्याने भागले की शून्य, असे ब्रह्मगुप्ताने लिहिले. ते चूक होते. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी ‘गणितसारसंग्रह’ लिहिणारा महावीराचार्य म्हणाला, संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते. तेही चूक होते. पुढे इ.स. ११५० च्या सुमारास आपल्या सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले, ती अनंत मानली आणि सृष्टीच्या उत्पत्ति-लयांनी न बदलणाऱ्या अच्युताची उपमा तिला दिली. उपमा सुंदर आहे, पण आजचे गणित तेथेही थांबत नाही. शून्याने भागणे ही क्रियाच ते अमान्य करते. पाचशे वर्षे ही माणसे एका प्रश्नाशी झुंजली. आधीच्या आचार्यांना वंदन करून त्यांच्याहून वेगळे उत्तर देण्याचे धैर्य त्यांच्यात होते. शून्याइतकाच हा बाणाही आपला वारसा आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. दगड टिकला. मठातले अध्ययन मात्र आपल्यापर्यंत अखंड पोहोचले नाही.

कारंज्याची पोथी

हे सारे दूरच्या गावांचे झाले. कारंज्याचा याच्याशी काय संबंध? फार जवळचा आहे. या गावात बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक-परंपरांची पीठे नांदली आणि त्यांच्यामागे हस्तलिखितांची भांडारे उभी राहिली. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांना मोठे स्थान मिळाले. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेने १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ छापले. १९३३ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘पाहुडदोहा’ आला. ‘सुण्ण’ हा आपल्या ‘सुन्या’चा पूर्वज या दोह्यांत आजही भेटतो. अपभ्रंश भाषेचा, म्हणजे मराठीच्या आधीच्या एका पायरीचा, अभ्यास ज्यांना करायचा असतो, त्यांना या गावाचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढे आहे. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ टीका सुमारे बारा शतकांपूर्वीची. तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतके जपली गेली होती. डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ पासून तिचे प्रकाशन आरंभले. सोळा खंडांच्या त्या प्रचंड कामात पाठ ठरवण्यासाठी अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती ताडून पाहिल्या गेल्या. म्हणजे आज जग जी ‘धवला’ वाचते, तिच्या सिद्धीत या गावच्या प्रतीचा हात आहे.

या ग्रंथात गणित आहे काय? लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी १९४२ साली चौथ्या खंडात ‘धवले’तील गणितावर प्रबंध लिहिला. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्याला तेथे ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. सोळाचे अर्धच्छेद चार. आज महाविद्यालयात ज्याला दोन या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात तो हाच. संख्येचा तिच्याच घाताने विस्तार करणे म्हणजे ‘वर्गितसंवर्गित’. दोनावर ही क्रिया केली की चार, चारावर केली की २५६, आणि २५६ वर केली की ६१७ अंकी संख्या! याच परंपरेतील एक संख्या अशी सांगितली आहे : आरंभी सात, शेवटी आठ, मध्ये सहा नऊ. एककापासून डावीकडे वाचत गेले की ८,९९,९९,९९७ म्हणजे नऊ कोटींना तीन कमी. अंक सांगितले, स्थाने आपोआप समजली. स्थानमूल्य ज्या समाजाच्या अंगवळणी पडले आहे, त्यालाच असे बोलता येते. शून्याचे बीज रुजायला लागणारी जमीन ती हीच.

आपले काम कोणते?

मित्रहो, ‘झिरो’ हा शब्द आज इंग्रजीच्या वाटेने आपल्या घरी परत आला आहे आणि आपण त्याला परका पाहुणा समजतो. तो परका नाही, पण त्याची ओळख पटवायची तर आपल्या जवळची कागदपत्रे शाबूत हवीत. ती कागदपत्रे म्हणजे हस्तलिखिते. वाळवी, दमटपणा आणि आपली उपेक्षा यांना ग्रंथाचे मोल कळत नाही. २००३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली आणि एक कोटींहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हे तिचे लक्ष्य सांगितले गेले. शासन योजना आखू शकते. एखाद्या घराच्या माळ्यावर लाल कापडात कोणते बाड बांधून ठेवले आहे, हे दिल्लीला कळत नाही. ते आपल्याला ठाऊक असते.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. ज्यांच्या घरी जुनी बाडे असतील त्यांनी ती उघडून, उन्हाची धग न लावता, हवेशीर जागी ठेवावीत. कोणत्या भाषेतील, किती पाने, एवढी तरी नोंद करून जाणकाराला दाखवावीत. रद्दीत घालू नयेत आणि पाण्यात विसर्जनही करू नयेत. पोथी कोणत्या पंथाची, हे विचारत बसू नये. ‘धवला’ जैन आचार्यांची, ‘लीलावती’ शिवभक्त पाटणच्या परिसरात अभ्यासली गेलेली, आणि दोहोंवर हक्क तुमच्या-माझ्या मुलांचा. ज्या तरुणांना संस्कृत-प्राकृताची गोडी आहे त्यांनी नागरी, मोडी, जुनी कन्नड यांपैकी एक तरी लिपी शिकावी. गणिताची गोडी असलेल्याने मूळ ग्रंथ भाषांतरासह वाचावा. आणि समाजमाध्यमावरील अभिमानाचा संदेश पुढे पाठवण्याआधी आपण सर्वांनी एकच प्रश्न विचारावा : याला आधार कोणता?

हा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. ग्वाल्हेरच्या लेखकाने देवाच्या माळा मोजून मांडल्या, तीही श्रद्धाच होती. पन्नास माळांच्या त्याने साठ केल्या नाहीत. आपणही आपल्या वारशाचा हिशेब तितक्याच प्रामाणिकपणे मांडू या. खरा आकडा लिहिला तरी आपली बाकी भरपूर निघते.